प्रसिद्ध चेहरा मदतकार्याचा आवाज होऊ शकतो का?

ओलीवाट :

नमस्कार मंडळी. युद्धामुळे घरदार सुटलेल्या मुलांच्या पोषणाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी आहे. देणगीदारांना जाणारी पत्रं, वार्षिक अहवाल, छावण्यांतून येणाऱ्या छायाचित्रांची निवड हे सगळं माझ्याकडे असतं. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत एका लोकप्रिय अभिनेत्रीला संस्थेची सदिच्छादूत करण्याचा ठराव येतोय. ती स्वतःहून आली आहे. मानधन नको म्हणते, छावणीत यायलाही तयार आहे. माझं तिच्याशी जेवढं बोलणं झालं त्यावरून ती मनापासून बोलतेय असंच मला वाटलं.

बहुतेक विश्वस्त खूश आहेत. छावणीतले सहकारी मात्र अस्वस्थ आहेत. त्यांच्यातल्या एकीनं मला लिहिलं, "इथल्या आया रोज हेच सांगतात, ते कुणाला ऐकू जात नाही. तीच गोष्ट ही बाई बोलली की सगळ्यांना ऐकू जाणार. मग आयांनी काय करायचं?" हे वाचल्यापासून मी त्याच विचारात आहे.

एखाद्या नटीनं, गायकानं, खेळाडूनं दूरदेशीच्या उपासमारीवर किंवा युद्धावर बोलून प्रत्यक्षात काही बदलतं का? देणग्या वाढतात का? आणि ज्यांच्याविषयी बोललं जातं त्यांच्या वाट्याला काय येतं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय किंवा नीट अभ्यासलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला बैठकीत बोलायचं आहे.

रानजाई :

माझं उत्तर 'हो, बदलतं' असं आहे. 1971 साली पूर्व बंगालमधून जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून आली होती आणि पाश्चात्त्य देशांत फारसं कुणी तिकडे पाहत नव्हतं. पंडित रविशंकरांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला गाठलं, आणि 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन मैफली झाल्या. तिकिटांचे सुमारे 2 लाख 43 हजार डॉलर युनिसेफला गेले. पण रकमेहून मोठी गोष्ट अशी की 'बांगला देश' हे नाव एका दिवसात अमेरिकेतल्या तरुणांच्या तोंडी आलं. तेव्हा तो देश अजून जन्मायचा होता, आणि अमेरिकन सरकार तर पाकिस्तानच्या बाजूनं उभं होतं.

हॉलिवूडची अभिनेत्री ऑड्री हेपबर्नचंही उदाहरण घ्या. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलंडमध्ये नाझींच्या ताब्यातल्या भागात अन्नाची कोंडी झाली, तेव्हा ती कोवळ्या वयात उपाशी राहिली होती. युद्ध संपल्यावर आलेली मदत तिनं स्वतः खाल्ली होती. 1988 मध्ये ती युनिसेफसाठी इथिओपियाला गेली आणि 1992 मध्ये सोमालियाला. सोमालियाहून परतल्यावर थोड्याच महिन्यांत, जानेवारी 1993 मध्ये, ती कर्करोगानं गेली. भूक काय असते हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. अशा माणसानं बोलू नये असं कोण म्हणेल?

उत्तरध्रुव :

रानजाई, त्या मैफलीची पुढची गोष्टही सांगायला हवी. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून आलेला पैसा अमेरिकेच्या करखात्याच्या वादात वर्षानुवर्षं अडकला, कारण कार्यक्रम आधीपासून मदतसंस्थेच्या नावानं रीतसर उभा केलेला नव्हता. घाई होती, हेतू निर्मळ होता, पण ज्या निर्वासितांसाठी तो पैसा होता त्यांच्या गरजेच्या वेळी त्यातला मोठा भाग हाती आला नाही.

माझा मुख्य आक्षेप पैशांबद्दल नाही. चेहरा जेवढा मोठा, तेवढी गोष्ट सोपी करून सांगावी लागते, हा आहे. ऑक्टोबर 1984 मध्ये बीबीसीवर इथिओपियाच्या दुष्काळाची दृश्यं आली. डिसेंबरात मदतनिधीसाठी एकत्र आलेल्या गायकांच्या 'बँड एड' गटाचं गाणं आलं आणि 13 जुलै 1985 ला लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड' ही मदतमैफल झाली. जगाच्या मनावर ठसलं ते एवढंच, की तिथे पाऊस पडला नाही. पण टिग्रे आणि वोलो या प्रांतांत तेव्हा युद्ध चालू होतं. लष्करी हुकूमशहा मेंगिस्तूची राजवट बंडखोरांच्या भागात अन्न पोचू देत नव्हती, आणि उत्तरेतल्या लोकांना जबरदस्तीनं उचलून दक्षिणेत, नैऋत्येत नेऊन टाकत होती. त्या स्थलांतरातही माणसं मेली. 'मेदसँ साँ फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या मदतसंस्थेच्या फ्रेंच शाखेनं हे उघडपणे सांगितलं तेव्हा डिसेंबर 1985 मध्ये तिला देशाबाहेर काढण्यात आलं. ज्या गाण्यानं सगळं जग हलवलं, त्या गाण्यात या गोष्टीला जागा नव्हती.

तीस वर्षांनी तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं, इबोलासाठी. घानाच्या वंशाच्या फ्यूज ओडीजी या गायकाला बोलावलं होतं, त्यानं नकार दिला. आफ्रिका म्हणजे फक्त रोगराई आणि मरण, असं चित्र उभं करणारे शब्द आपण गाणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते मला पूर्ण पटतं.

आणि मार्च 2012 मधली ती 'कोनी 2012' चित्रफीत. कितीतरी प्रसिद्ध लोकांनी ती पुढे पाठवली आणि सहा दिवसांत दहा कोटी लोकांनी ती पाहिली. ती ज्याच्यावर होती तो, मुलांना पळवून सैनिक करणारा बंडखोर म्होरक्या जोसेफ कोनी, त्याच्या कित्येक वर्षं आधीच युगांडाबाहेर गेला होता. उत्तर युगांडातल्या लिरा गावात ती पडद्यावर दाखवली तेव्हा खुद्द पीडित लोक संतापून उठले, कारण त्यांच्या दुःखाच्या गोष्टीत नायक भलताच होता. ओलीवाट, तुमच्या सहकारी बाईंचा प्रश्न हाच आहे. मी तुमच्या जागी असतो तर ठरावाच्या विरोधात बोललो असतो.

पाणपोई :

ओलीवाटताई, मी पोषण पथकांमध्ये बरीच वर्षं काम केलंय आणि प्रसिद्ध पाहुण्यांच्या भेटी छावणीच्या आतून पाहिल्या आहेत. जरा लांबण लागेल, पण तुम्हाला बैठकीत बोलायचं आहे म्हणून लिहिते.

आधी देणग्यांचं. इथे फार आशा धरू नका. डॅन ब्रॉकिंग्टन या अभ्यासकानं ब्रिटनमध्ये लोकांना सात नामांकित मदतसंस्थांबद्दल विचारलं होतं. संस्था बहुतेकांना ठाऊक होत्या, पण जवळपास दोनतृतीयांश लोकांना त्यांतल्या एकाही संस्थेशी एकही प्रसिद्ध नाव जोडता आलं नाही. त्या संस्था तर कित्येक वर्षं नटनट्यांना घेऊन प्रचार करत होत्या. तुमची संस्था छोटी आहे. चार दिवस गवगवा होईल आणि विरून जाईल.

मग याचा उपयोग कुठे होतो? माझ्या मते दारं उघडायला. मंत्री, खासदार, निधीच्या कागदावर सही करणारे अधिकारी यांच्या भेटीसाठी आमच्यासारख्यांना महिनोन्‌महिने ताटकळावं लागतं. प्रसिद्ध माणसाला ते स्वतः बोलावतात. लोकांपेक्षा सत्तेच्या वर्तुळात या चेहऱ्यांचं वजन जास्त पडतं, असं ब्रॉकिंग्टनही मांडतो, आणि माझा अनुभव तसाच आहे. म्हणून विश्वस्तांना विचारा, ही अभिनेत्री कुणाच्या दारात जाणार आणि आत जाऊन नेमकं काय मागणार?

मला नेहमी आयरिश गायक बोनो आणि जेसी हेल्म्स यांची भेट आठवते. हेल्म्स हे अमेरिकन सिनेटमधले परदेशी मदतीचे आणि एड्सवरच्या खर्चाचे कडवे विरोधक. 2000 साली बोनो त्यांच्याकडे गेला आणि बायबलमधली गरिबांविषयीची वचनं घेऊन बोलला. म्हातारा गृहस्थ हेलावला. 2002 मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखण्यासाठी 50 कोटी डॉलर द्यावेत, असं त्याच हेल्म्सनी मांडलं. पुढच्या वर्षी बुश सरकारनं पेपफार ही एड्सविरोधी, पाच वर्षांत 15 अब्ज डॉलर खर्चाची योजना जाहीर केली. ती काही एकट्या बोनोची करामत नाही, त्यामागे कितीतरी लोक होते. पण ते एक दार मात्र त्यानं उघडलं.

हे दार उघडलं तेव्हा आत न्यायला हातात काहीतरी होतं, हे विसरायचं नाही. 2001 मध्ये सिप्लानं तीन औषधांचा एकत्र उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. त्याआधी तोच उपचार वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर जात होता. दक्षिण आफ्रिकेत ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेनची माणसं रस्त्यावर आणि कोर्टात लढत होती. तिचे नेते झॅकी अकमत स्वतः एचआयव्हीबाधित होते, आणि सरकारी दवाखान्यात सगळ्यांना औषध मिळेपर्यंत आपण घेणार नाही, असं म्हणून त्यांनी कित्येक वर्षं औषध घेतलं नाही. ही माणसं नसती तर त्या गायकाकडे मागायला काय होतं? 'काहीतरी करा' एवढंच. आणि त्यावर मंत्री 'करतो' म्हणतात.

डायनाचंही तसंच. जानेवारी 1997 मध्ये ती अंगोलातल्या वाम्बोजवळ, सुरुंग काढण्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून चालली. मायदेशी सरकारातल्या एका कनिष्ठ मंत्र्यानं तिच्यावर तोंडसुख घेतलं. पण भूसुरुंगबंदीची मोहीम 1992 पासून चालू होती, पाय गमावलेली माणसं परिषदांमधून बोलत होती, कराराचा मसुदा आकार घेत होता. तिची ती चाल बरोबर वेळेवर आली. त्याच वर्षी डिसेंबरात ओटावामध्ये 122 देशांनी सह्या केल्या. तेव्हा ती हयात नव्हती. नोबेल मिळालं ते मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना. हे मला योग्य वाटतं, आणि डायनाचं श्रेय त्यानं कमी होत नाही.

आता छावणीतलं. भेट ठरली की पहिली गोष्ट बदलते ती वाटपाचा दिवस. पाहुणे येणार, सुरक्षा येणार, म्हणून वाटप एक दिवस पुढे ढकललं जातं. ज्या बाईला दोन मुलं घेऊन पहाटे अंधारात निघावं लागतं, तिला हे कुणी कळवलेलं नसतं. ती येते, फाटकाशी थांबते, परत जाते. नंतर छायाचित्रकार विचारतात, "सगळ्यात हडकुळं मूल कुठलं?" आम्ही दंडाचा घेर पट्टीनं मोजतो. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर मूल अतितीव्र कुपोषित. त्यात ताप किंवा जुलाब असतील तर त्याला ऊब हवी, निजवून ठेवायला हवं, थोड्या थोड्या वेळानं दूध पाजायला हवं. त्याच मुलाला उचलून कुणाच्या तरी मांडीवर द्या, दिव्याच्या झोतात धरा, असं सांगितलं जातं. एकदा एका आईला तेच उत्तर पुन्हापुन्हा द्यायला लावलं, कारण पाहुण्यांचे डोळे कॅमेऱ्यात नीट आले नव्हते. तिचं मूल आदल्या आठवड्यात गेलं होतं. मी मध्ये पडून ते चित्रीकरण बंद करायला लावलं.

दुसऱ्या एका छावणीत आलेली बाई अगदी वेगळी होती. नाव सांगत नाही, तुम्ही सगळे ओळखाल. तिनं कॅमेरावाल्यांना दुपारपर्यंत बाहेर बसवलं. ती दुभाष्या मुलीशेजारी जमिनीवर बसली आणि आयांना एकच विचारत राहिली, "गेल्या महिन्यात घरात धान्य किती दिवस पुरलं?" त्या वेळी निधी आटल्यामुळे शिधा निम्म्यावर आणला होता. माणसाला दिवसाला साधारण 2100 कॅलरी लागतात असं धरून शिधा ठरतो, आणि आम्ही त्याच्या अर्ध्यावर होतो. तिनं वहीत प्रत्येकीचं उत्तर लिहून घेतलं. मला म्हणाली, "मला भावना नकोत, तारीख आणि आकडा द्या. मी ज्यांना भेटणार आहे त्यांच्याकडे उत्तर तयार असतं, त्यांच्या उत्तराला पुरून उरेल असं काहीतरी द्या." ती गेली आणि ज्या देशाचा निधी अडला होता तिथल्या मंत्र्यांना तेच आकडे सांगून आली. पुढे शिधा टप्प्याटप्प्यानं वाढला. किती वाटा तिचा, हे मला मोजता येणार नाही. पण आमचं पत्र ज्या टेबलावर पडून होतं, त्या टेबलावर ते उघडलं गेलं, एवढं मला तिथल्या अधिकाऱ्यांकडून कळलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, त्या दुभाष्या मुलीला नावानं हाक मारली, आणि आधीच्या वहीतल्या बायकांची चौकशी केली.

उत्तरध्रुव, तुमचे इथिओपिया आणि कोनीबद्दलचे मुद्दे मी मान्य करते. पण तेवढ्यावरून दार बंद करायला मी तयार नाही, कारण दाराच्या या बाजूला मूल असतं.

उत्तरध्रुव :

पाणपोई, तुमचं लिहिणं वाचून माझा विरोध थोडा सैल झाला. तरी एक शंका. 2004 नंतर सुदानमधल्या युद्धग्रस्त दारफूर प्रांतासाठी केवढी लाट उठली होती. अभिनेता जॉर्ज क्लूनी तर 2012 मध्ये वॉशिंग्टनला सुदानच्या वकिलातीसमोर अटकही करवून घेऊन आला. त्याच्या पुढाकारानं उपग्रहांवरून नजर ठेवायचा प्रकल्पही निघाला. आणि आज? एप्रिल 2023 पासून सुदानमध्ये पुन्हा युद्ध आहे, ऑगस्ट 2024 मध्ये दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, ऑक्टोबर 2025 मध्ये तिथलंच अल फाशेर शहर पडलं. त्या वेळच्या गर्दीचा दहावा हिस्साही मला दिसत नाही. लाट ओसरल्यावर तिथल्या माणसाला काय वाटत असेल?

पाणपोई :

बरोबर आहे तुमचं, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं. ज्या कामात माणूस टिकतो तिथेच काही उभं राहतं. अँजेलिना जोली 2001 पासून 2022 च्या अखेरीपर्यंत निर्वासितांसाठीच्या यूएनएचसीआरबरोबर होती, आधी सदिच्छादूत, मग विशेष दूत. इतक्या वर्षांत माणूस शिकतो. पहिल्या भेटीत तो फक्त हळहळतो. पुढे त्याला निधीची रचना कळते, आश्रयाचे कायदे कळतात, कुठला देश कुठे आडवा येतो ते कळतं.

दुसरी गोष्ट, शेजारी कोण उभं आहे. नादिया मुराद ही इराकमधल्या कोचो गावची, यझिदी या अल्पसंख्य समाजातली मुलगी. ऑगस्ट 2014 मध्ये आयसिसनं तिच्या घरातली माणसं मारली आणि तिला गुलाम केलं. ती निसटली आणि डिसेंबर 2015 मध्ये सुरक्षा परिषदेसमोर स्वतः बोलली. अमल क्लूनी तिची वकील म्हणून पुढे आली. कॅमेरे अमलसाठी यायचे, आणि ती मुद्दा सोडत नव्हती : पुरावे गोळा करणारं पथक पाठवा. सप्टेंबर 2017 मध्ये ठराव 2379 झाला आणि असं पथक नेमलं गेलं. नोव्हेंबर 2021 मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयानं यझिदींवरच्या अत्याचारासाठी एका आयसिस सदस्याला वंशसंहाराचा दोषी ठरवलं, जगातली ती पहिली अशी शिक्षा. त्या खटल्यात ज्या आईचं मूल गेलं होतं ती न्यायालयात स्वतः उभी राहून बोलली. तिच्या वकिलांत अमल होती. पथकाचं काम इराकच्या सांगण्यावरून 2024 मध्ये थांबलं, ते मात्र फार वाईट झालं.

ओलीवाटताईंच्या सहकारी बाईंना माझं उत्तर यातच आहे. आयांच्या वतीनं बोलणारी नको, आयांना आत घेऊन जाणारी हवी. ब्रिटनमधल्या कॉमिक रिलीफनं 2020 मध्ये प्रसिद्ध लोकांना आफ्रिकेत पाठवून चित्रफिती करणं थांबवायचं ठरवलं आणि तिथल्याच चित्रपटकारांना काम द्यायचं म्हटलं. उशिरा का होईना, पण ते योग्य झालं.

ओलीवाट :

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणपोईताई, तुमचा मजकूर मी आमच्या छावणीतल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवला. दुभाष्या मुलीच्या प्रसंगापाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "अशी येणार असेल तर येऊ दे."

ठरावाचा मसुदा नव्यानं लिहायला घेतलाय. भेटीसाठी वाटपाचा दिवस हलवायचा नाही. आजारी मुलांच्या कक्षात कॅमेरा नाही. आईची परवानगी तिच्या भाषेत, आणि नंतर नकार द्यायची मुभा. किमान तीन वर्षांची बांधिलकी. तुमच्या मते आणखी काय हवं?

रानजाई :

तिनं इतर कुठल्या कंपन्यांच्या जाहिराती स्वीकारल्यात तेही पाहून घ्या. स्कार्लेट जोहान्सनला जानेवारी 2014 मध्ये ऑक्सफॅम या मदतसंस्थेचं दूतपद सोडावं लागलं, कारण ती ज्या सोडायंत्राची जाहिरात करत होती त्याचा कारखाना व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात, वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतीत होता. संस्थेची भूमिका आणि तिचा करार यांचा मेळ बसेना. हे नंतर कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

पाणपोई :

रानजाईंचा मुद्दा नक्की घाला. आणखी एक, सुरक्षेचं. ती जे बोलेल त्याचा राग तिच्यावर निघत नाही, तुमच्या तिथल्या माणसांवर निघतो. मार्च 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष ओमर अल बशीर यांच्याविरुद्ध वॉरंट काढलं आणि सुदाननं ताबडतोब 13 परदेशी मदतसंस्थांना हाकलून दिलं. वॉरंट योग्यच होतं, पण दवाखाने आणि पाण्याच्या टाक्या बंद पडल्या त्या छावण्यांतल्या. म्हणून तिचं प्रत्येक जाहीर निवेदन आधी तुमच्या स्थानिक पथकप्रमुखाला दाखवायचं आणि नकाराधिकार त्याच्याकडे ठेवायचा. विश्वस्तांकडे नाही, तुमच्याकडेही नाही.

आणि मागणी एकच ठेवा. मला वाटतं तुमच्याकडे ती तयार आहे. तुमच्या भागात पोषक शेंगदाणा पेस्टची पाकिटं केव्हा संपली, किती मुलांना उपचार अर्ध्यात सोडावा लागला, आणि पुढचा साठा कुठल्या मंजुरीसाठी अडलाय, हे एका कागदावर बसवा. तो कागद तुमच्या सहकारी बाईंनी स्वतः तिला समजावून सांगू दे, तुम्ही नको. बैठकीच्या आधीच.

ओलीवाट :

ठरलं. दोघींचं बोलणं या आठवड्यात करून देते. दुभाष्याचं मानधन कुठल्या खात्यातून द्यायचं ते तेवढं विश्वस्तांना विचारते.